अर्ध्या शहाण्याची बाजू : पुण्यातल्या निवृत्त सेनाधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
वानवडी, साळुंखे विहार, घोरपडी, महंमदवाडी आणि आसपास राहणारे निवृत्त सेनाधिकारी

स. न. वि. वि.

आपल्यापैकी काही जणांनी तयार केलेलं एक निवेदन सध्या आपल्या भागात सह्यांसाठी फिरतंय. माझ्याकडे ते शेजारच्या कर्नलसाहेबांनी आणून दिलं, सोबत पेनही पुढं केलं. मागणी एका ओळीची आहे : ज्यानं किमान पाच वर्षं गणवेशात काढलेली नाहीत, त्याला देशाचा पंतप्रधान किंवा संरक्षणमंत्री होता येऊ नये. खाली कारण दिलंय की स्कूटर चालवायलाही लायसन्स लागतं, मग सैन्य चालवायला का नको? मी सही केली नाही. का केली नाही, हे जिन्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी माझी ओळख सांगते. मी संरक्षण लेखा खात्यातून निवृत्त झाले. गोळीबार मैदानाजवळच्या ज्या कचेरीतून देशभरातल्या लष्करी अधिकाऱ्यांचे पगार निघतात, तिथं माझी बरीचशी नोकरी गेली. आपल्यापैकी कुणाच्या प्रवासभत्त्याच्या (टीए) बिलावर लाल शाईनं आक्षेप आला असेल तर तो माझ्या हातचाही असू शकतो. (मूव्हमेंट ऑर्डरची प्रत जोडलेली नसली की बिल परत जायचं. त्यात वैयक्तिक काही नव्हतं.) म्हणजे आपल्या भाषेत मी सिव्हिलियन, आणि सिव्हिलियनातही हिशेबातली. लढणाऱ्यानं कारकुनाचं का ऐकायचं, हा प्रश्न मी नोकरीभर ऐकला. त्याचं उत्तर मला पुण्याच्याच इतिहासात सापडतं.

पेशवाईतले साडेतीन शहाणे आपल्याला ठाऊक आहेतच. सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांकडचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाकडचे विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे, आणि नाना फडणीस अर्धे. अर्धे का, तर बाकीचे कलम आणि तलवार दोन्ही चालवणारे, नानांना तलवार जमत नव्हती. रणांगणाचा अनुभव म्हणाल तर ते पोरसवदा वयात पानिपतावर होते आणि तिथून कसाबसा जीव वाचवून परतले. आपल्या निवेदनातला हिशेब नेमका हाच आहे : तलवार नाही, म्हणून अर्धे गुण कापले.

पण पुढं काय घडलं तेही बघू. विठ्ठल सुंदर १७६३ मध्ये राक्षसभुवनच्या लढाईत पडले. सखारामबापूंची अखेर कैदेत झाली, आणि ती कैद नानांनीच घडवली. राज्याचा गाडा १८०० पर्यंत ओढला तो या अर्ध्या शहाण्यानं. त्यातली एकच लढाई सांगते, वडगावची, कारण ती इथून तासाभराच्या अंतरावर झाली.

१७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रज राघोबादादांना घेऊन बोरघाट चढले. पुण्यात शिरायचं आणि दादांना गादीवर बसवायचं, असा बेत. फौजेबरोबर हजारो बैल, तोफा, सामानसुमान. घाट चढून आल्यावर हा तांडा दिवसाला जेमतेम मैलभर सरकत होता. मराठे समोरासमोर भिडलेच नाहीत. पुढं गवत जाळलेलं, मागं रसद तोडलेली, बाजूनं घोडदळाचे हल्ले. ९ जानेवारी १७७९ ला इंग्रज तळेगावला पोचले तर गाव जळून गेलेलं, आणि खबर अशी की वेळ आली तर चिंचवड आणि खुद्द पुणंही जाळून मोकळं करायची तयारी आहे. दोन दिवसांत त्यांचा धीर सुटला. रातोरात जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलून ते मागं फिरले आणि वडगावला वेढले गेले. १६ जानेवारीला तहावर सह्या झाल्या.

मैदानावर महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर होते. कोणत्या टेकडीआड स्वार उभे करायचे, हे नानांनी त्यांना शिकवलं नाही, आणि शिकवायला गेले असते तर महादजींनी ऐकून घेतलंही नसतं. नानांच्या वाट्याचं काम दुसरं होतं. एकमेकांकडे संशयानं बघणारे सरदार एका बाजूला उभे करणं, पैसा उभा करणं, इंग्रजांच्या हालचालींची बातमी वेळेवर मिळवणं, आणि गरज पडली तर स्वतःची राजधानी पेटवायची, हा निर्णय घेणं. हा शेवटचा निर्णय कोणत्याही सेनापतीनं स्वतःच्या अखत्यारीत घेऊ नये, असं मला वाटतं. शहर त्याचं नसतं.

आणि समोर कोण होतं? इंग्रजांच्या फौजेवर एकटा सेनापती नव्हता, तिघांची समिती होती, आणि त्यातले मुंबई कौन्सिलचे प्रतिनिधी होते जॉन कार्नाक. हे कार्नाक कुणी पेढीवरचे गुमास्ते नव्हते. बंगालमध्ये कंपनीच्या फौजेचं सेनापतिपद भूषवून आलेले पक्के लष्करी गृहस्थ. आपल्या निवेदनाच्या कसोटीला ते पहिल्या फटक्यात उतरले असते. वडगावनंतर कंपनीनं त्यांना नोकरीतून काढून टाकलं.

महादजींचा आणि नानांचा संसार काही गोडीगुलाबीचा नव्हता. पानिपतावर पाय अधू झालेले महादजी १७९२ मध्ये उत्तरेतून पुण्यात आले, तेव्हा दोघांत जी तणातणी झाली तिच्यात उत्तरेतल्या मोहिमांचा जमाखर्च हे मोठं प्रकरण होतं. हे वाचताना मला माझी कचेरी आठवते, काय करणार! पण तलवारीनं हिशेब द्यायचा आणि कलमानं तो मागायचा, ही रीत दोघांनीही मोडली नाही. महादजी १७९४ मध्ये आपल्या वानवडीतच वारले. शिंदे छत्रीवरून आपण रोज फिरायला जाता, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता आपण म्हणाल, बाई, पेशवाईचं राहू द्या, शिवाजी महाराजांकडे बघा. बघू या. इथं मात्र पारडं आपल्या बाजूला झुकतं, हे कबूल. महाराज स्वतः लढले. अष्टप्रधानांतही न्यायाधीश आणि पंडितराव सोडले तर बाकीच्यांना मोहिमेवर जावं लागे. पण त्याच महाराजांनी किल्ला एकट्या हवालदाराच्या हाती कधी ठेवला नाही. शिबंदीवर सरनोबत, हिशेबाला सबनीस, कोठाराला कारखानीस. किल्ल्यातल्या सर्वात शूर माणसालाही दाणागोटा उचलताना कारकुनाच्या वहीतून जावं लागे. लढवय्या राजानं लढवय्यांवर घातलेली ही वेसण मला अष्टप्रधानांच्या नियमाइतकीच मोलाची वाटते. शिवाय राजा निवडून आलेला नसतो. त्याला मोहिमेवर पाठवलं तर प्रजेचा हक्क कमी होत नाही. आपण मागताय त्या अटीनं मात्र एकशेचाळीस कोटींतून आजी-माजी सैनिक तेवढे उरतात, आणि ते शंभरात एकही भरत नाहीत.

आता अलीकडे येते. १९६२. हे साल आपल्या निवेदनात तीनदा आलंय, आणि यायलाच हवं. १२ ऑक्टोबरला पंडित नेहरू श्रीलंकेला निघताना विमानतळावर पत्रकारांना सांगून गेले की आपला प्रदेश मोकळा करायचे आदेश सैन्याला दिले आहेत. त्या वेळी नामका चू नदीकाठी ब्रिगेडियर दळवींच्या सातव्या ब्रिगेडचे जवान पातळ सुती कपड्यांत आणि मोजक्या काडतुसांवर उभे होते. आठवड्याभरानं, २० तारखेला, चिनी तुटून पडले. ज्याला डोंगरातली थंडी आणि रसद कळत नाही त्यानं बोलू नये, असं आपण म्हणता तेव्हा मी मान खाली घालते. हिशेब खात्यातल्या माणसाला तर ‘गरम कपडे पोचले नव्हते’ हे वाक्य जास्तच लागतं.

पण त्या आघाडीवर चौथ्या कोअरचं नेतृत्व कुणाकडे होतं? लेफ्टनंट जनरल कौल. गणवेश होता, तारे होते; लढाईत पलटणीचं नेतृत्व केल्याचा अनुभव नव्हता. म्हणजे आपली पाच वर्षांची अट त्यांनी कित्येकदा पार केली असती. आणि तेव्हाचे सेनाप्रमुख जनरल थिमय्या यांनी १९५९ मध्येच राजीनामा दिला होता तो कशावरून? संरक्षणमंत्री कृष्ण मेनन वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांचं ऐकत नाहीत यावरून. तो त्यांना परत घ्यायला लावला, माणूस मुकाट झाला. दिल्लीचा दोष मला इथं दिसतो : नाही म्हणणारा माणूस त्यांना जवळ नको होता. असा माणूस नकोसा असणारे गणवेशातही भेटतात, आपल्याला माझ्यापेक्षा जास्त भेटले असतील.

मेनन गेले आणि २१ नोव्हेंबर १९६२ ला यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय की त्यामागचा माणूस दिसेनासा झालाय. देवराष्ट्र्याचा शेतकऱ्याचा मुलगा, वकील, बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत, मग राज्याचा मुख्यमंत्री. बंदुकीशी संबंध आला असेल तर तो पोलीस ज्या बाजूनं ती धरत त्याच्या उलट बाजूनं. या माणसानं काय केलं? सेनाप्रमुखांना रोज सकाळी भेटायला बसवलं. पराभवाची चौकशी हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या दोन सेनाधिकाऱ्यांनी केली. तिचा अहवाल पूर्ण प्रसिद्ध झाला नाही, पण त्यातल्या निष्कर्षांबद्दल चव्हाणांनी १९६३ मध्ये संसदेत निवेदन केलं. सेनाधिकाऱ्यांवर सगळं ढकलून मोकळं होण्याचा मोह त्यांनी टाळला. मग पंचवार्षिक संरक्षण योजना आली : सव्वाआठ लाखांची सेना, विमानदलाची पंचेचाळीस स्क्वाड्रन, डोंगरात लढायला वेगळ्या डिव्हिजन.

आणि १ सप्टेंबर १९६५. पहाटे पाकिस्तानी रणगाडे छांबमध्ये घुसले. दुपारनंतर सेनाप्रमुख जनरल चौधरी विमानांची मदत मागायला चव्हाणांकडे आले, विमानदलाचे प्रमुख एअर मार्शल अर्जनसिंग बरोबर होते. प्रश्न साधा नव्हता. १९६२ मध्ये विमानदल हल्ल्यासाठी वापरलंच नव्हतं, आणि एकदा विमानं उडाली की युद्ध काश्मीरपुरतं राहील याची खात्री कुणी देऊ शकत नव्हतं. चव्हाणांनी मंत्रिमंडळाची बैठक बोलावत बसण्यात वेळ घालवला नाही. होकार दिला. संध्याकाळी पठाणकोटहून विमानं उडाली. त्या संध्याकाळी आपली चार व्हॅम्पायर विमानं पडली, हेही लिहिलं पाहिजे. निर्णय बरोबर असला म्हणून किंमत चुकत नाही. पाच दिवसांनी सैन्यानं आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली, तो निर्णय शास्त्रीजींचा. त्यांनीही आयुष्यात गणवेश घातला नव्हता. समोर होते अयुब खान, थेट फील्ड मार्शल.

१९७१ ला समोर होते जनरल याह्या खान. इकडे इंदिरा गांधी आणि जगजीवनराम. माणेकशॉंनी एप्रिलमध्ये लगेच चढाई करायला नकार देऊन वेळ मागून घेतला, ही गोष्ट आपण मेसमध्ये रंगवून सांगता. (तिच्या बारकाव्यांवर इतिहासकारांत वाद आहे, पण सैन्याला तयारीला सात-आठ महिने मिळाले हे खरं.) ती गोष्ट सांगताना सगळं श्रेय माणेकशॉंना जातं. नकार ऐकून ज्या बाईनं त्यांना घरी पाठवलं नाही, तिला थोडं द्या. पलीकडे राष्ट्रपती, सेनापती आणि लष्करी प्रशासक हे एकच गृहस्थ असल्यामुळे त्यांना नाही म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. तेरा दिवसांत अर्धा देश गेला आणि ९३ हजार माणसं कैदेत. कारगिलचं धाडसही सेनाप्रमुख मुशर्रफ यांचंच. एकाच शेजाऱ्याकडे तीन वेळा प्रयोग झालाय, आपल्याला चौथा कशाला हवा?

त्याच कारगिलमध्ये ताबारेषा ओलांडायची नाही, विमानांनीही नाही, असं वाजपेयी सरकारनं ठरवलं. आपल्यापैकी काही जण त्या उन्हाळ्यात तिथं होते. समोरून खडा कडा चढायचा, कारण बाजूनं वळसा घालायला रेषा आड येते. हे ज्यांनी केलं त्यांनी त्या निर्णयावर रागवायचा हक्क मिळवलाय. सव्वापाचशेच्या वर माणसं गेली. मी त्या निर्णयाचं समर्थन त्यांच्या घरच्यांसमोर करू शकेन का, मला माहीत नाही. पण अण्वस्त्रं हातात आलेल्या दोन देशांत युद्ध कुठवर पसरू द्यायचं, हा प्रश्न टायगर हिलच्या पायथ्यावरून सुटणारा नव्हता. जग आपल्या बाजूला आलं, त्यात त्या रेषेचा वाटा होता.

परदेशातली उदाहरणं आपण दिलीत, त्यावर फार रेंगाळत नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस वेस्ट पॉइंटचा पदवीधर, मेक्सिकोच्या युद्धात लढलेला, माजी युद्धमंत्री. उत्तरेचा लिंकन वकील. काही आठवडे मिलिशियात होता, लढाई पाहिलीच नाही. त्यानं ग्रंथालयातून युद्धशास्त्राची पुस्तकं मागवून वाचली आणि कामाचा सेनापती मिळेपर्यंत सेनापती बदलत राहिला. १९७३ मध्ये इस्रायलचा संरक्षणमंत्री होता मोशे दायान, एक डोळा युद्धात गमावलेला नामांकित सेनानी. ६ ऑक्टोबरच्या सकाळी त्याला राखीव सैन्याची मर्यादित जमवाजमव पुरेशी वाटत होती. सरसेनापती एलाझार मोठी मागत होता. गोल्डा मेयरनं एलाझारचं ऐकलं. दोन सैनिकांत मतभेद झाला की कौल द्यायला तिसरं कुणी तरी लागतंच, आणि ते तिसरं माणूसही जुनं सैनिक असेल तर ते आपल्या जुन्या पलटणीकडे झुकणार नाही, याची हमी काय?

पाच वर्षं तरी कसली? पायदळात, पाणबुडीवर, की सिग्नल्समध्ये? पंचवीस वर्षांपूर्वी कॅप्टन म्हणून सियाचीनला राहिलेल्या माणसाला थंडी कळेल, जवान कळेल. त्याला ड्रोन कळतील का, विमानवाहू जहाज घ्यावं की पाणबुड्या हे कळेल का, अण्वस्त्र वापरावं की नाही हे कळेल का? २००३ पासून तो अधिकार पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या राजकीय परिषदेकडे आहे, आणि त्या विषयाचा रणांगणावरचा अनुभव जगात कुणाकडेच नाही, ही देवाचीच कृपा.

जुन्या सवयीनं निवेदनावर दोन आक्षेप. एक, घटनेच्या ५३व्या कलमानं सैन्यदलांचं सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे. त्यांना आपण अटीतून वगळलंय, की विसरलात? दोन, माझ्यासारख्या मुलींना वैद्यकीय सेवा सोडली तर १९९२ पर्यंत सैन्यात अधिकारी म्हणून दारच बंद होतं. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुली आल्या त्या २०२२ मध्ये, आणि पहिल्या सतरा जणी बाहेर पडल्या मे २०२५ मध्ये. म्हणजे माझ्या पिढीतल्या बाईला आपण आधी आत घेतलं नाही, आणि आता आत नव्हतीस म्हणून अपात्र ठरवताय. हा आक्षेप मी लाल शाईनंच लिहिते.

मला खरी भीती वेगळीच वाटते. गणवेश ही सत्तेची पायरी ठरली की पायरीवर गर्दी होणारच. आज कुणाची बढती का अडली यावर मेसमध्ये कुजबुज होते, उद्या ती तिकिटावर होईल. ब्रिगेडियर कोणत्या पक्षाच्या पुढाऱ्याबरोबर जेवले, हे जवान मोजू लागतील. अमेरिकेत संरक्षणमंत्री होण्यासाठी गणवेश उतरवून सात वर्षं, आणि जनरल हुद्द्याच्या माणसाला दहा, व्हावी लागतात, नाहीतर तिथल्या संसदेची खास सूट घ्यावी लागते. मार्शल, मॅटिस आणि ऑस्टिन या जनरलांना ती घ्यावी लागली. आपल्याकडे तसा कायदाच नाही. गेल्या महिन्यात निवृत्त झालेले साहेब पुढच्या महिन्यात प्रचारसभेत. पाच वर्षांची अट मागायचीच असेल तर ती इथं लावा.

मग पुढाऱ्यांच्या अडाणीपणाचं काय, हा आपला प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो खरा आहे. लोकसभेत संरक्षण खात्याच्या खर्चाच्या मागण्या कित्येक वर्षं चर्चेविना गिलोटीनखाली, म्हणजे एकगठ्ठा मताला टाकून, मंजूर झाल्यात. स्थायी समितीचे अहवाल कुणी वाचत नाही. २०१८ मध्ये, मेजर जनरल खंडुरी अध्यक्ष असताना, याच समितीसमोर सेनेनं स्वतः सांगितलं की तिची अडुसष्ट टक्के सामग्री जुनाट वर्गातली आहे. त्यावर आपल्या शहरात किती सभा झाल्या? माझ्या तर कानावर एकही आली नाही.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा विभाग साठच्या दशकापासून आहे. अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आधी राज्यातल्या सगळ्या पक्षांच्या खासदारांना दोन दिवस तिथं बोलवावं, असं आपण निवेदनात मागा. आपण नकाशे घेऊन बसा : उंचीवर एक बटालियन पोसायला रोज किती खेचरं आणि किती ट्रक लागतात, दारूगोळ्याचा साठा किती दिवसांचा असतो, आणि जनरलला कोणता प्रश्न विचारला की तो चुळबुळतो, हे त्यांना सांगा. दुसऱ्या दिवशीचा सकाळचा तास मला द्या. महसुली खर्च आणि भांडवली खर्च वेगळा कसा वाचायचा, पगार आणि पेन्शन बाजूला काढल्यावर नव्या सामग्रीला काय उरतं, आणि न वापरता परत गेलेला पैसा कोणत्या रकान्यात दिसतो, एवढं मी शिकवीन. बोलावूनही जे येणार नाहीत त्यांची नावं मतदारसंघासह छापावीत, छपाईचा खर्च माझा. रीतसर पावती मात्र द्या.

आपली नम्र,
एक निवृत्त लेखाधिकारी
वानवडी, पुणे